तांदळे सर आणि फोटोवाली बाई

आमच्याकडं लग्नात मंगलाष्टकांच्या आधी पुढाऱ्यांची नावं घ्यायची रीत आहे. अमुक साहेब आले, तमुक अण्णा आले, शाल झाली, नारळ झाला, आणि तोवर नवरानवरी उन्हात घामाघूम. अशाच एका लग्नात तांदळे सरांनी निवेदकाच्या हातातला माइक हिसकावला आणि कडाडले, "सकाळधरनं चुलीपुढं पुऱ्या लाटायल्या त्या बायांची नावं कोण घेणार?" सर आधीच मंडपामागं जाऊन विचारून आले होते. नवरदेवाच्या मामानं त्यांना खाली ओढेपर्यंत चार नावं घेऊन झाली होती.

वडवणीत सगळे त्यांना टरकून असतात. निवृत्त विज्ञान शिक्षक, बायको मागंच वारली, लेक वर्षा पुण्याला. राहतात एकटे, माझ्या पिठाच्या गिरणीला लागून. तोंडात एकच पालुपद: "काम कुणाचं अन् नाव कुणाचं?" माझी पाटीसुद्धा सुटली नाही. पाटीवर नाव आमच्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, ज्यांनी जन्मात कधी गिरणीचा पट्टा चढवला नाही. "मंदाताई, पीठ तुमच्या डोक्यात अन् नाव त्यांचं?" सर भर रांगेत ओरडले. तेव्हापासून सर दिसले की मालक परसात जातात.

आणि ती फोटोवाली बाई! ज्वारीचा डबा ठेवला की सर सुरू. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची त्यांना सवयच लागलीय.

"ऐका! खाऱ्या पाण्यात कवातरी पयला जीव झाला. त्या जीवापासून तुमच्या नाकापर्यंत सगळी खूण एका पीळदार शिडीत हाय. डीएनए! ती शिडी कशी हाय, ते एका बाईच्या प्रयोगशाळेतल्या एक्स-रे फोटोवरनं उमगलं. अन् तो फोटो तिला न इचारता दुसऱ्याला दाखवला! जगातलं मोठं बक्षीस तिघा गड्यांना! बाई तवर मरून गेलती."

"मेलेल्याला बक्षीस देत न्हाईत म्हणं, सर," रांगेतलं कुणीतरी म्हणायचं.

"अन् जित्ती होती तवा? तवा तोंडाला कुलूप होतं का रं त्यांच्या?"

बाईचं नाव मी इथं सांगत नाही. माझ्या तोंडून ते वाकडं निघतं आणि मग सर पाठ करून घेतात, दळण राहतं बाजूला.

या वर्षी सरांनी ठरवलं, बाईची जयंती करायची आणि बस स्टँडवर फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सवाल्या बापूला बजावलं, "फोटो बाईचा, नाव बाईचं. बास."

जयंतीच्या सकाळी फ्लेक्स लागला. वर ओळीनं सगळे नेते. डावीकडं हात जोडलेले आमच्या भागातले अण्णा, पुरुषभर उंच. आणि बाई? खाली कोपऱ्यात, जिथं शुभेच्छुकांचे फोटो असतात तिथं, लिंबाएवढी. बापूचं म्हणणं, "सर, नेत्याचा फोटो नसंल तर फ्लेक्स सांजपत्तुर टिकत न्हाई. तुमच्या भल्यासाठीच केलं बगा."

लोकांना वाटलं अण्णांचा वाढदिवस. फोन गेले, हार गेले. दुपारी अण्णा स्वतः पेढे घेऊन सरांच्या दारात. "वाढदिवस दिवाळीनंतर हाय, पर तुमी आठवण ठिवली, सर! अन् त्या मॅडम कोण, तुमच्या पाव्हण्या का?"

सरांनी घरातून विळा घेतला, स्टँडवर गेले, स्टुलावर चढले आणि फ्लेक्स उभा फाडला. अण्णांसकट! मी मागं पळाले. माणसं हसत मोबाईल काढून उभी. असा संताप आला मला! म्हाताऱ्या माणसाचा तमाशा बघता, लाज नाही वाटत? सरांना हाताला धरून गिरणीत आणलं आणि त्यांच्यावरच उखडले.

"कशाला एवढं, सर? कोण कुठली मेलेली बाई! तिच्यापायी गावाशी वैर?"

सर पोत्यावर बसले. म्हणाले, "वर्षाचंबी असंच झालतं."

वर्षा पुण्याला कुठल्याशा प्रयोगशाळेत होती. पिकाच्या बियाण्यातली ती शिडीच तपासायची. कैक वर्षं डोळे फोडून काम केलं. छापून आलं तेव्हा नाव वरच्या साहेबाचं, हिचं कुठंच नाही. पोरीनं रडत बापाला फोन केला.

"मी म्हनलो, मोठ्या माणसाच्या नादी लागू नको. गप ऱ्हा. तिनं फोन ठिवला अन् ते कामच सोडलं. आता बँकेत हाय. फोन करती, गोळ्या घेतल्या का इचारती, ठिवती."

मला सरांचाच राग आला आणि मी तो गिळला नाही. "जगाला जाब विचारता आन् पोटच्या पोरीला गप केलंत? हे तिला कधी बोललात?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी गिरणी बंद केली. रांगेतल्या बाया डबे घेऊन उभ्याच. सरांच्याच मोबाईलवरून फोन लावला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"वर्षे, जेवलीस का?" सर म्हणाले आणि थांबले. मी कोपरानं ढोसलं.

"ते काम तुझं होतं, बाळा. नाव तुझं पायजे होतं. मी तवाच बोलाया पायजे होतं. चुकलो मी."

पलीकडून वर्षाचा आवाज, बारीक: "बाबा, ऐकू न्हाई आलं. मोठ्यानं म्हणा ना."

ऐकू आलं होतं पोरीला. गिरणी बंद होती.

सर उभे राहिले. भरल्या मांडवात माइक ओढणारा माणूस, पण आधी दोनदा खाकरला. मग रांगेतल्या बायांकडं तोंड करून ओरडले, "काम वर्षा तांदळेचं! माझ्या लेकीचं काम हाय ते!"

आणि तिथंच पोत्यावर बसून लहान लेकरासारखे हुंदके द्यायला लागले. फोन कानालाच. बाया बघत, ऐकत राहिल्या. मी पटकन बटण दाबलं आणि गिरणी चालू केली. वर दाणा टाकायचंसुद्धा सुचलं नाही, रिकामीच फिरवली. दगड खराब होतात त्यानं, ठाऊक आहे मला. होऊ देत.