उशीची आंघोळ

योलान जाताना नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "उशा खिडकीत उन्हाला ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस." इतकं स्वच्छ सांगितल्यावर शहाण्या माणसानं उशा खिडकीत ठेवाव्यात आणि गप्प बसावं. पण ओडोन पोस्टातून निवृत्त झालेला. सदतीस वर्षं खिडकीत बसून लोकांची पाकिटं जिथल्या तिथं पोचवली आणि आता दिवसभर आपण कुठं पोचायचं हेच त्याला सुचत नसे.

त्यात दिवस मोठा बाका होता. योलान आईला आणायला गेली होती. सासूबाई बोरबाला, वय चौऱ्याऐंशी, तिसा नदीपलीकडं एकट्या राहायच्या. हिवाळ्यात अंगणात घसरून पडल्या, तेव्हापासून योलानच्या जिवाला घोर. "आमच्याकडं राहायला ये," म्हणून तिनं किती विनवण्या केल्या! शेवटी म्हातारी म्हणाली, "एकदा येऊन बघते तुझं घर. आणि तुझा तो पोस्टमन. मग ठरवू." (ओडोन पोस्टमन नव्हता, खिडकीवरचा कारकून होता. पण चौतीस वर्षांत हे सांगायची छाती त्याला झाली नव्हती.) म्हणजे सगळी भिस्त त्याच्यावर!

त्यानं मोठी उशी उचलली, अभ्रा काढला आणि ती उजेडात धरली. ही लग्नात सासूबाईंनी दिलेली उशी, दोघांना पुरेल एवढी. हंसाच्या पिसांची. आठ बायकांनी अख्खा हिवाळा चुलीपाशी बसून पिसांचा मऊ भाग काड्यांवरून सोलला, तेव्हा कुठं भरली. योलानला दुसऱ्या उशीवर झोपच येत नसे. आणि त्या उशीवर मधोमध पिवळा डाग होता, ओडोनच्या डोक्याचा, अगदी कानासकट!

"सासूबाईंनी बघितला तर संपलंच," असं म्हणत त्यानं उशी सरळ धुण्याच्या यंत्रात कोंबली.

दहा मिनिटांत फेस दारातून बाहेर आला. वीस मिनिटांत तो न्हाणीघराचा उंबरा ओलांडून स्वयंपाकघराकडं निघाला. तासाभरानं यंत्रानं जे बाहेर टाकलं ती उशी नव्हती, भिजलेलं जनावर होतं, आणि वासही तसाच होता.

तो ते ओढत अंगणात घेऊन आला, तसं कुंपणापलीकडून शेजारच्या गिझीताईंनी विचारलं, "अहो ओडोन, हे काय मेलंय?"

"उशी धुतली."

"आतल्या खोळीसकट? अहो, पिसांच्या खोळीला आतून कोरडा साबण घासलेला असतो, पिसं टोचून बाहेर येऊ नयेत म्हणून! आणि वर तुम्ही साबण किती घातलात?"

"दोन मापं."

"शाब्बास! आता खोळ उसवा, पिसं चादरीवर पसरा, हातानं हलवत बसा. खोळ वाळली की आतून पुन्हा साबण घासा. आणि कृपा करून शिंकू नका."

त्यानं जर्दाळूच्या झाडाखाली उन्हात चादर अंथरली. ओल्या पिसांचे गोळे पसरले आणि शेजारी आडवा होऊन एका हातानं ढवळू लागला. जुलैचं ऊन होतं. लिंडनच्या फुलांचा वास येत होता, मधमाशा गुणगुणत होत्या, लांब कुठंतरी नदीवर होडीवाला कुणाला तरी हाका मारत होता. हाताखाली गोळे हळूहळू सुटायला लागले. पिसं हलकी झाली, ऊबदार झाली, आपण होऊन थोडी थोडी वर यायला लागली. किती बरं वाटत होतं! ओडोनला वाटलं, आपला हातही पिसाचाच आहे.

मग तो पुन्हा पोस्टाच्या खिडकीत बसला होता. समोर हंसांची रांग, दारापर्यंत. सगळे शिस्तीत, मान ताठ.

"आमची पिसं इथं जमा आहेत म्हणे," पहिला हंस म्हणाला.

"पावती आहे?"

"पावती कसली? अंगावरची होती."

ओडोनला फार वाईट वाटलं. तो एकेकाला पिसं मोजून न देता ओंजळीनं देऊ लागला, आणि ज्याला मिळाली तो छपरातून हळूच वर निघून जाई. रांग सरता सरता सगळ्यात शेवटी डोक्याला रुमाल बांधलेल्या सासूबाई! त्या खिडकीवर झुकल्या आणि मायेनं म्हणाल्या, "ओडोन बाळा..." त्याला इतकं भरून आलं, की तो शिंकला.

शिंक खरीच होती. डोळे उघडले तेव्हा सगळं जग पांढरं झालं होतं. पिसं हवेत संथपणे तरंगत होती, खाली यायची कुणाला घाई नव्हती. झाड पांढरं, कुंपण पांढरं, गिझीताईंचा कुत्रा पांढरा. ओडोन दोन घटका नुसता बघत राहिला. इतकं सुंदर त्यानं काही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं.

"ओडोन!" योलानच्या हातातली पिशवी खाली पडली. "आईची उशी!" आणि ती रडायलाच लागली.

"डाग होता गं," ओडोन चाचरला. "माझ्या डोक्याचा. सासूबाई, तुम्हाला दिसू नये म्हणून... तुम्ही राहावं म्हणून हो. ही रात्र रात्र जागते तुमच्या काळजीनं."

सासूबाई जवळ आल्या, त्याच्या मिशीतलं एक पीस काढलं, उन्हात धरून बघितलं.

"रडतेस कशाला?" त्या लेकीला म्हणाल्या. "कोंबडीची आहेत."



"आई! हंसाची म्हणाली होतीस ना?"

"हंसाची केलीच होती. ही काय." त्यांनी काखेतलं गाठोडं सोडलं. आत एक गुबगुबीत उशी. "मीच झोपते हिच्यावर. तू पोस्टमनशी लग्न करते म्हणालीस, तेव्हा म्हटलं, आधी टिकतंय का बघू. टिकलं की बदलून देईन."

"चौतीस वर्षं झाली, आई!"

"मग? घाई कसली होती?"

योलान रडता रडता हसायला लागली. म्हातारीनं उशी तिच्या हातात दिली आणि बाकावर टेकली. "घे. मी राहते इथंच. हा माणूस तुला एकटीला आवरायचा नाही."

ओडोनला आनंदानं काय करावं कळेना. "म्हणजे सासूबाई, ही उशी आता आमची?"

"तिची."

"आणि मी कशावर झोपू?"

सासूबाईंनी काठीनं जर्दाळूच्या शेंड्याकडं दाखवलं. "तुझी ती काय. वारा सुटायच्या आत उतरवून घे."

ओडोन शिडी आणायला गेला.