दवनीवाड्याचा साहेब

आमच्या दवनीवाड्यात साहेबराव नावाचे एक शेतकरी होते. इंग्रजांचं राज्य असताना त्यांनी जन्मात एकाही अधिकाऱ्याला 'साहेब' म्हटलं नाही. तहसीलदाराला ते 'तहसीलदारबुवा' म्हणत आणि गोऱ्या अंमलदाराला 'पाव्हणे'.

माझं घर त्यांच्या शेजारीच. साहेब न म्हणण्याचं कारण विचारलं की म्हणत, "नाव माझं आहे. फुकट कायले वाटू?"

त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईनं प्रतापगडच्या दर्ग्याला नवस केला आणि मुलगा झाल्यावर नाव ठेवलं साहेबराव. मोठेपणी ते दर्ग्याला गेले, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मुजावरानं त्यांना सांगितलं की शब्द अरबी आहे. मुळात साहिब म्हणजे सोबती, संगत देणारा. मालक, हुजूर हे अर्थ मागाहून चिकटले.

झालं. "जो संग बसत नाही, तो कायचा साहेब?" असं ते ज्याला त्याला ऐकवू लागले.

एकदा गोऱ्या अंमलदाराचा डेरा आमराईत पडला. बिगारीला माणसं धरून आणली, त्यात आम्ही दोघंही होतो. चपराशी दरडावला, "साहब को सलाम करो."

"साहेब त मी आहो," साहेबराव शांतपणे म्हणाले. "तू कर सलाम."

आम्ही खाली माना घालून हसू दाबलं. चपराश्यानं त्यांना दिवसभर उन्हात उभं केलं. मधूनमधून येऊन विचारी, "अब बोल, साहब कौन?"

"मीच. मघाशीच त सांगतलं."

संध्याकाळी थकला तो चपराशीच.

डेरा उठायच्या सुमारास त्याच चपराश्याला पटकी झाली. अंमलदार त्याला चावडीत टाकून पुढच्या गावी गेला. भीतीनं कोणी तिकडं फिरकेना. मी उंबऱ्याशी पेज ठेवायला गेलो, तर आत साहेबराव त्याचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसलेले.

"काका, घरी चला. तुमालेबी लागंल."

"घरी कोन आहे?" ते म्हणाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "इथं हा पानी मांगते. घरी मले कोनी पानीबी मांगत नाही."

मी पेज आत सरकवली आणि परतलो.

चपराशी वाचला. अंगात चालण्याएवढं बळ आल्यावर तो गोंदियाच्या वाटेला लागला. साहेबराव त्याला नाल्यापर्यंत पोचवून आले. मी ओट्यावरच होतो. मुद्दाम विचारलं, "मंग? शेवटी म्हनला का साहेब?"

"नाही," ते म्हणाले. "भैया म्हनला."

एवढं बोलून ते माझ्याच ओट्यावर बसले. दिवेलागण झाली, तरी घरी जायला उठले नाहीत.