पालकाच्या पाण्याला कुलूप

"पालकाला माती लागते हा निव्वळ गैरसमज आहे!" गारखेड्यातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहून राजेंद्र सांडूनं जाहीर केलं.

ऐकायला दोघीच होत्या. बायको सुलेखा आणि गावाहून राहायला आलेली आई, पारूबाई. पारूबाईनं जन्मभर मातीतच पालक लावला होता. ती म्हणाली, "बरं."

आडव्या पांढऱ्या पाइपांना भोकं, भोकाभोकात एकेक रोप आणि खाली चाळीस लिटरचा टब. टबातलं खताचं पाणी एक छोटा पंप दिवसभर पाइपांतून फिरवायचा. सगळी करामत त्या पाण्यात होती. खत कमी पडलं तर रोप उपाशी, जास्त झालं तर करपलं! म्हणून राजेंद्रनं पेनाएवढा मीटर आणला होता. पाण्यात बुडवला की खत किती ते आकड्यात दाखवायचा. मोजमाप हा तर राजेंद्रचा धंदाच. चितेगावच्या एका कारखान्यात तो क्वालिटी इन्स्पेक्टर होता. केसाएवढी चूक आपल्या नजरेतून सुटत नाही, असं तो स्वतःच सांगत असे.

तीन आठवड्यांत पालक असा तरारला, की त्यानं धाकट्या बहिणीला, तनुजाला, रविवारी जेवायलाच बोलावलं.

बुधवारी मीटरनं ९८० दाखवले. रोपं लहान होती तोवर आठ-नऊशे पुरायचे, आता हवे होते बाराशे. राजेंद्रनं दोन टोपणं खत ओतलं, आत जाऊन चहा घेतला आणि परत येऊन मीटर बुडवला. १०४!

गॅलरीत पारूबाई तुळशीला पाणी घालून रिकामा तांब्या घेऊन उभी होती.

"आई, टबात पाणी ओतलंस?"

"मी कशाला वतू?"

"मग आकडा उतरला कसा?"

"मला काय म्हाईत! पाय फुटले आसतील त्याला."

राजेंद्रनं अर्धी बाटली ओतली. गुरुवारी २१०. उरलेली ओतली. शुक्रवारी ३९०! पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या. "बघा, उपासमार!" म्हणत त्यानं नवी बाटली फोडून आणखी पाच टोपणं ओतली. एवढं खत ओतूनही आकडा चारशेला अडतो, म्हणजे कोणीतरी चोरून पाणी ओततंय, यात त्याला शंकाच उरली नाही. त्यानं टबाच्या झाकणाला साखळी घातली, कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

पारूबाईनं कुलूप पाहिलं. "सुलेखा दिसभर शाळंत शिकवती, तू कारखान्यात. मग चोर मीच का रं?"

"चोर म्हणालो का मी?"

"कुलूप म्हणतंय की! आरं, इतकं पाणी वतलं आसतं तर टब भरून वाहिला नसता व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. पण राजेंद्रच्या अंगात तेव्हा चौकशी अधिकारी संचारला होता.

शनिवारी सकाळी तो आणखी खत घेऊन आला, तर पारूबाईची पिशवी खुंटीवर नव्हती.

"आई गेल्या बसस्टँडवर," सुलेखा म्हणाली. "किती अडवलं, ऐकलं नाही. उद्या तनुजाताई आल्या की त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

आईला पाणीचोर ठरवलं हे तनुजाला कळलं तर तिनं त्यालाच पाइपात लावलं असतं! तरीही त्यानं कुलूप काढून मीटर बुडवला. "तूच बघ! ४०५! मी खोटं बोलतोय का?"

सुलेखा वाकली. "हे कोपऱ्यात बारकं काय लुकलुकतंय?"

"कुठं काय?"

"गुणिले दहा लिहिलंय."

राजेंद्रनं खिशातून चष्मा काढून लावला. मीटरला तीनच आकड्यांची जागा. हजाराच्या पुढं गेला की तो शेवटचा आकडा गाळायचा आणि कोपऱ्यात सांगायचा, दहानं गुणा. म्हणजे बुधवारचे १०४ हे एक हजार चाळीस होते. आणि आत्ताचे चार हजार पन्नास! रोपं उपाशी नव्हती. खत म्हणजे शेवटी खारंच, राजेंद्रनं त्यांचं लोणचं घातलं होतं.

"कारखान्यातपण चष्मा न लावताच तपासता का?" सुलेखानं विचारलं.

त्यानं स्कूटरची किल्ली उचलली.

बसस्टँडवर पारूबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. अख्ख्या बाकाला हकीकत ठाऊक झालेली.

"ह्योच का कुलूपवाला?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"ह्योच."

राजेंद्र तिच्यापुढं उकिडवा बसला. "आई, चूक माझी झाली. मीटर मलाच वाचता आला नाही."

"कितीनं चुकला?"

"दहापट."

बाक खदाखदा हसला. पारूबाई हसली नाही. गावाची बस लागली, भरली, निघून गेली, तेव्हा कुठं ती उठली. "चल. पन टबाला आता मी हात लावनार. तू लांब हुभं ऱ्हायचं."

नळाला पाणी यायला अजून चार दिवस होते, तरी तिनं टब रिकामा करून साठवणीच्या ड्रममधलं साधं पाणी भरलं. रविवारपर्यंत कशीबशी परातभर पानं वाचली. सुलेखानं त्यांची डाळ घालून भाजी केली.

तनुजानं पहिला घास घेतला. "वहिनी, झकास झालीय हं! मीठ तेवढं जरा जास्त पडलंय."

"मीठ?" सुलेखानं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मीठ घालायचं तर मी विसरलेच!"

राजेंद्रनं मान खाली घातली आणि आणखी एक वाटी भाजी वाढून घेतली.