घरात मराठी बोलू नये

पाहुण्याला काय हवे आहे हे त्याला न विचारता ठरवणे, यालाच आपल्याकडे आदरातिथ्य म्हणतात. विचारले, तर ती नुसती चौकशी होते. हे तत्त्व तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते त्या काळात, बोईसरच्या कमलाकांत तामोरे यांच्या राहत्या घरी पूर्णत्वास गेले.

प्रागच्या विद्यापीठातला मिलोश नावाचा विद्यार्थी मराठी शिकत होता. पुस्तकातली मराठी शिकून झाली होती. आता ती बोलणारी माणसे हवी होती. पालघरच्या भाषा-सौहार्द मंडळाने त्याला एखाद्या सुसंस्कृत कुटुंबात ठेवायचे ठरवले. (सुसंस्कृत म्हणजे ज्या घरात जेवायला टेबल आहे ते.) घिवलीपासून मनोरपर्यंत शोध घेतला, तेव्हा टेबले बरीच निघाली, पण ज्याच्यावर शिलाईचे मशीन किंवा सुकी मासळी नाही असे टेबल कमलाकांतरावांकडेच सापडले.

कमलाकांतराव प्रकल्पावरच्या एका ठेकेदाराकडे कारकून होते. हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती आणि तिला अस्खलित इंग्रजी लागत होते. अशा वेळी परमेश्वराने गोरा माणूस घरपोच पाठवला, हा त्यांना शुभसंकेत वाटला. त्यांनी पत्नीला बजावले, "साहेब आहेत तोवर घरात मराठी बोलायचं नाही."

चंद्रकांताबाई जवळच्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या, मासळीवाल्यांच्या घरातल्या. त्यांनी विचारले, "मंग मी काय बोलू?"

"तू नुसती हसत राहा."

त्या हसत राहिल्या. पहिल्या दिवशी बरे वाटले. पुढे गाल दुखू लागले. जीभ आखडू नये म्हणून त्या परसात जाऊन कोंबड्यांशी बोलत.

मिलोशला चेक, रशियन आणि जर्मन येत होते. इंग्रजी येत नव्हते. मंडळाने तसे विचारले नव्हते, कारण गोऱ्या माणसाला इंग्रजी येते ही बाब मंडळाच्या मते सूर्यप्रकाशाइतकी स्पष्ट होती. जेवताना कमलाकांतराव म्हणत, "टेक मोअर एग! व्हाय शाय?" आणि मिलोश भक्तिभावाने कान देई. ही किनाऱ्यावरची बोली असणार, असा त्याचा समज झाला होता. "क्षमा करावी, आपली बोली मला अद्याप अवगत नाही," असे तो नम्रपणे म्हणे. साहेब केवळ आपले मन राखायला मराठी बोलतात, या विचाराने कमलाकांतराव गहिवरत आणि दुप्पट जोराने इंग्रजी बोलत. शाळेचे मास्तर, पोस्टमास्तर, स्टेशनवरचे तिकीट तपासनीस असे सगळे सरावासाठी येऊन जात. साहेबी जेवण म्हणून रोज पानात पडणाऱ्या उकडलेल्या अंड्यांवर मिलोश वाळत चालला.

एके दुपारी कमलाकांतराव मंडळाच्या सभेला पालघरला गेले होते. चंद्रकांताबाईंनी स्वतःपुरता मांदेलीचा रस्सा केला. वासाने मिलोश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दारात उभ्या माणसाला न वाढणे त्यांच्या रक्तात नव्हते. मिलोश अधाशासारखा जेवू लागला, आणि त्याच्या घशात काटा अडकला. डोळे पांढरे झाले. अशा प्रसंगी हसत राहावे की नाही, याविषयी बाईंना सूचना मिळालेली नव्हती.

"आरं, भाताचा गोला गील! चावू नको! गील, गील!"

त्याने गिळला. काटा गेला. डोळ्यांतले पाणी पुसत तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"आपण मराठी बोलता?"

"मंग आनि काय बोलू? दांडीची हाय मी."

"मग कमलाकांतराव कोणती भाषा बोलतात?"

एकीकडे नवऱ्याची अब्रू, दुसरीकडे सत्य. चंद्रकांताबाईंनी क्षणभर विचार केला. "हापिसात लागल्यापासून तसंच बोलतात. आमाला पन नाय कलत."

मिलोश हसत सुटला. त्याला बघून बाईही हसल्या, आणि या वेळी गाल दुखले नाहीत.

त्यानंतर कमलाकांतराव कचेरीत गेले की घरात बोलणे सुरू होई. बाई त्याला दांडीला माहेरीही घेऊन गेल्या. त्यांच्या आईने, काशीबाईंनी, त्याला वाळत घातलेल्या बोंबलांपाशी कावळे हाकायला बसवले. कावळ्यांना द्यायच्या शिव्या तो तिथे शिकला. संध्याकाळी घरी मात्र बाई नुसत्या हसत आणि मिलोश "येस, येस" म्हणे. कुणाचा हिरमोड करावा असे दोघांनाही वाटत नव्हते.

पालघरला निरोपाचा समारंभ झाला. मिलोश उभा राहिला.

"तुमी मला लय माया लावली," तो म्हणाला. "दांडीच्या बायांनी मला बोलायला शिकवलं. आता मी घरी जातो, पन जीव माजा हितंच हाय."

शेवटच्या रांगेत चंद्रकांताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कमलाकांतरावांनीही खिशातला रुमाल काढला. हे आपल्या आईचे बोलणे आहे, एवढे त्यांना कळले. मग अध्यक्ष आपल्याकडे बघत आहेत हेही कळले, आणि त्यांनी खोकून घेतले.

अध्यक्ष रामनाथराव यांनी त्याच रात्री तातडीची सभा बोलावली. सखोल चर्चेअंती असे निष्पन्न झाले की, पाहुण्याची मराठी मराठी माणसांच्या संसर्गामुळे बिघडली. सबब, यापुढे यजमान घरातील स्त्रियांनीही इंग्रजीच बोलावे, म्हणजे पाहुण्याची मराठी शुद्ध राहील. ठराव एकमताने संमत झाला. अनुमोदन कमलाकांतरावांनी दिले. पुढे ते हेडक्लार्क झाले.

या ठरावाला वाचकांनी हसायला हरकत नाही. फक्त हसून झाल्यावर, आपल्या घरी पाहुणे आले की दाराआड लपलेल्या लेकराला ओढून बाहेर आणून आपण कोणत्या भाषेतली कविता म्हणून दाखवायला सांगतो, तेवढे आठवावे.