पानात झोपलेला झाड-उंदीर

माझ्या हातात कला आहे, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या गणपतीत सोसायटीचं मखर मी एकट्यानं केलं. ते दुसऱ्या दिवशी कललं, पण पंख्याच्या वाऱ्यानं! म्हणून चौथीतल्या आमच्या उन्नतीला शाळेच्या प्रदर्शनात एका प्राण्याची माहिती सांगायची होती, तेव्हा मी म्हटलं, "बेटा, मॉडेल माझ्यावर सोड!"

"नको पप्पा, मी नुसती बोलेन."

गेल्या वर्षी ती स्टेजवर गेली आणि एक शब्द न बोलता खाली उतरली. पोरं तिला वर्षभर 'म्यूट' म्हणून चिडवत होती. यंदा बोलायचंच, असं तिनं ठरवलं होतं. अशा वेळी बापानं काय हात बांधून बसायचं?

तिनं निवडला होता नीलगिरीच्या उंच डोंगरातला झाड-उंदीर. मी मातीचा करून पाहिला. हेमांगी, म्हणजे आमची सौ., म्हणाली, "पाणघोडा छान जमलाय हो!"

तेवढ्यात माझं लक्ष डब्याकडे गेलं. हेमांगीचं माहेर केळीच्या बागांच्या वटार गावचं. सासूबाई दरवर्षी बागेतली पिकलेली केळी उन्हात वाळवून त्यांची सुकेळी पाठवतात. तपकिरी, चिकट, बोटभर लांब. हुबेहूब उंदीर! मिरीचे डोळे लावले, भोपळ्याच्या बियांचे कान खोचले, केळीच्या सोपाचं, म्हणजे खोडाच्या सुक्या सालीचं, लांबलचक शेपूट जोडलं. हा प्राणी पानांच्या घरट्यात राहतो, म्हणून केळीच्या सुक्या पानात गुंडाळून वरून बांधलं. शेपूट तेवढं बाहेर ठेवलं.

"अहो, मुंग्या लागतील."

"कलेला मुंग्या लागत नाहीत!"

प्रदर्शनात दुसरीची पोरं उन्नतीसमोर मांडी घालून बसली. मी खांबाआड उभा. सुरुवातीला तिचा आवाज जरा कापला, मग गाडी रुळावर आली.

"हा तुमच्या तळहातावर मावेल एवढासा असतो. शेपूट मात्र अंगापेक्षा लांब!"

"एवढं कशाला?" एका पोरानं विचारलं.

"फांदीला गुंडाळायला. मग फांदी हलली तरी तो पडत नाही."

"खातो काय?"

"फळं, कळ्या, बिया. रात्री फिरतो, दिवसा घरट्यात झोपतो. श्श! आत्ता झोपलाय."

पोरं चिडीचूप! एक चिमुरडी तर शेपूट हलतंय का ते डोळे न मिटता बघत होती. माझी छाती फुगली.

इतक्यात मुख्याध्यापिका सुनंदाबाई प्रमुख पाहुण्यांना घेऊन आल्या. पाहुणे म्हणजे वटारचे बागाईतदार सॅन्टनकाका. आता आमच्या भागात पाहुण्याला सुकेळी देतात ती अशीच, सुक्या पानात बांधून. हे मला आधी सुचायला हवं होतं.

"अरे वा! आपली रीत विसरला नाहीत!" म्हणत काकांनी पुडी उचलली, सोडली आणि न बघताच उंदीर तोंडात टाकला!

शेपूट ओठांबाहेर लोंबत राहिलं.

"आजोबांनी उंदीर खाल्ला!" अख्ख्या दुसरीनं किंकाळी फोडली. सुनंदाबाई शेजारच्या टेबलावरचा मातीचा ज्वालामुखी बघत होत्या. वळून पाहतात तर पाहुण्यांच्या तोंडात शेपूट! "पाणी आणा! डॉक्टरांना बोलवा!"

काका शांतपणे चघळत होते. "मिरी घातलीय का? नवीनच दिसतंय."

मी उन्नतीकडे पाहिलं. तिचे ओठ थरथरत होते. पोरगी पुन्हा मुकी होणार, आणि या वेळी माझ्या कलेमुळे!

"रडू नका रे!" उन्नती ओरडली, तेही माइकशिवाय. "ते सुकेळं होतं, माझ्या पप्पांनी केलेलं! खरा झाड-उंदीर तिकडे नीलगिरीत मजेत आहे. पण त्यालाही घुबड धरतं, साप धरतो. म्हणून तर तो पानांत लपतो." मग तिनं काकांकडे पाहिलं. "आणि लपताना शेपूट आत घ्यायचं असतं!"

आधी काका हसले, मग सगळा हॉल हसला. रडणारी पोरंसुद्धा हसली.

पहिलं बक्षीस उन्नतीलाच मिळालं. ते देऊन झाल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. "मिरीची कल्पना बरी आहे. पुढच्या वेळी शेपूट तेवढं काढून देत जा."

घरी येऊन हेमांगीला सगळं सांगितलं. ती पोट धरधरून हसली आणि मग डोळे पुसत म्हणाली, "मुंग्या लागतील असं मी म्हटलं होतं. पाहुणे लागतील असं मलाही वाटलं नव्हतं!"