वन्संनी घडवलेले चंद्र

"एकाही चंद्राची शिवण दिसली, तर दुकानाची पाटी उतरवीन," असं वहिनी विज्ञान केंद्राच्या बाईंना छातीठोकपणे सांगून आली. तोवर तिने चंद्र पाहिला होता तो फक्त खिडकीतून.

वहिनीचं उशा-गाद्यांचं दुकान. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार आणि कापूस दोन्हीकडे. केंद्रात मुलांसाठी नवं दालन उघडणार होतं. मधोमध जाड लोकरी कापडाचा भलाथोरला शनी, भोवती त्याची कडी आणि कड्यांमध्ये बसवायचे बारके बारके चंद्र. मुलांनी खुशाल हात लावावा, मिठी मारावी. शनी आणि कडी पोचती झाली होती. आता चंद्र पसंत पडले की केंद्राचं पुढचं सगळं काम वहिनीला. नाही पडले तर ते प्लॅस्टिकच्या कारखान्याला, आणि वहिनी पुन्हा अभ्र्यांना नाड्या लावायला मोकळी.

चंद्र झाले मात्र देखणे. नारळाएवढे, गुळगुळीत, चेंडूसारखे गोल. वहिनीने ते एका बुटक्या पेटीत दाटीवाटीने भरले, वर पांढरी चादर घातली आणि ती चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात वन्सं आल्या. वहिनीची थोरली नणंद. देहानेही भक्कम आणि मतांनीही. जिना चढून दमल्या होत्या. समोर मऊ आसन दिसलं, बसल्या.

"लोक शनीची पीडा टळावी म्हणून धडपडतात, आणि तू त्याचं बिऱ्हाडच घरात आणलंस."

"बिऱ्हाड भाडं देतं, वन्सं," वहिनी आतून म्हणाली.

"आणि माझ्या भावाकडे, आमच्या बाळाकडे कोण बघणार? वाळलाय पार."

"तुमच्या बाळाच्या पँटचं बटण काल तटकन तुटलं. मीच लावलं."

झालं, विषय पेटला. वन्संची एक खोड होती. मुद्दा मांडला की त्या जराशा उचलल्या जायच्या आणि टपालाचा शिक्का मारावा तशा पुन्हा ठासून खाली बसायच्या. त्या दुपारी त्यांच्याकडे मुद्दे भरपूर होते.

ऊन कलल्यावर त्यांनी विचारलं, "दाखव तर तुझे चंद्र. ठेवलेस कुठे?"

"पेटीत."

"कुठल्या?"

वहिनी बाहेर आली. तिने चादरीकडे पाहिलं, मग वन्संकडे. वन्सं सावकाश उठल्या. आणि पुन्हा खाली बसल्या नाहीत.

चंद्र वरून-खालून चपटे झाले होते आणि पोटातली सगळी लोकर शिवणीपाशी येऊन कमरेभोवती जाड वळी सुटली होती. पंगत झोडून आल्यासारखे दिसत होते बिचारे.

नवरा घरी आला. सुईला भोक कुठल्या टोकाला असतं हेही न ठाऊक असलेला माणूस म्हणाला, "वाफ दे. फुगतील."

घाबरलेल्या वहिनीने दिली. वाफ दिली की लोकर आहे त्या आकारात कायमची बसते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. जागेपणी आठवलं ते इस्त्री खाली ठेवल्यावर.

सकाळी चंद्र न्यायला केंद्राच्या बाई स्वतःच आल्या. वहिनी पेटीसमोर दार अडवल्यासारखी उभी राहिली. पण त्यांच्याआधीच येऊन बसलेल्या वन्सं पुढे झाल्या. या वेळी त्या खुर्चीत बसल्या होत्या, तीही आधी चाचपून.

"तिला काही बोलू नका. तिचा हात सोन्यासारखा आहे. मी बसले त्यांच्यावर."

वहिनीने चमकून पाहिलं. हे कौतुक ऐकायला ती लग्न होऊन आल्यापासून थांबली होती.

बाईंनी एक चंद्र उचलला, फिरवून पाहिला आणि पर्समधून मोबाइल काढून एक फोटो समोर धरला. यानाने काढलेला. काळ्याभोर आकाशात, कमरेला वळी सुटलेला एक चपटा चंद्र.

"कड्यांमधली धूळ यांच्या कमरेवर साचत जाते," बाई म्हणाल्या. "तिथले काही बारके चंद्र असेच आहेत. असा आकार शिवून कोण देणार म्हणून मी मुकाट्याने गोल सांगितले होते. तुम्ही तर हुबेहूब दिलेत."

दालन उघडलं त्या दिवशी मुलं एवढ्या मोठ्या शनीला सोडून चंद्रांना बिलगली. केंद्राचं काम वहिनीचं झालं. वन्सं दिसेल त्याला सांगत होत्या, "तो मधला बघितलात? तो माझा."

बाईंनी लगेच आणखी पेटीभर चंद्र मागितले. पण आकार अगदी असाच हवा.

वहिनी बसून पाहायला गेली, चंद्र दबेचना. नवरा बसला, त्यांना खळगे पडले. शेवटी तिने वन्संना आणून बसवलं, तर त्या पाहुण्यासारख्या गप्प, अवघडून बसल्या. चंद्र जसेच्या तसे. वहिनीच्या लक्षात सगळं आलं. दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला.

"वन्सं, तुम्ही तुमच्या भावाला फार लाडावून ठेवलंत. मला त्यावर बोलायचंय."

पलीकडून लगेच प्रश्न आला.

"किती चंद्र आहेत?"

"पेटीभर."

"मग एवढ्याने भागायचं नाही," वन्सं म्हणाल्या. "आईच्या कपाटाचा जुना वादही काढ. मी जेवून येते."