आप्पांच्या चार प्लगांची गॅप

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी आप्पा घोरपड्यांच्या छातीत नियमाप्रमाणे चार सिलिंडरचं इंजिन बसवलं गेलं आणि त्यावर सुपरचार्जर. अठ्ठावन्न पूर्ण केलेल्या प्रत्येकाला गावात ते मिळतं. निवृत्त माणसाला बोलायला जास्त हवा लागते, असं कारण गावाच्या ठरावातच दिलंय. ती हवा सुपरचार्जर बाहेरून नाही, घरातूनच ओढून घेतो. आप्पा बोलायला लागले की आई खिडकी उघडायची आणि त्यांची मुलगी कस्तुरी आपलं वाक्य अर्ध्यात सोडून द्यायची.

ठरावाचं दुसरं कलम असं, की घरातल्या एका तरुणानं शिक्षण थांबवून प्लग सांभाळावेत. भाऊ बंगळुरूला दत्तक गेल्यासारखाच होता. तेव्हा कस्तुरीनं भौतिकशास्त्राचं दुसरं वर्ष सोडलं. कॉलेज दोन वर्षं जागा राखतं, आणि या जूनला ती दोन वर्षं संपत होती. वार्षिक तपासणीत आप्पा पूर्ण दाबावर एक मिनिट मिस न मारता, म्हणजे एकही ठिणगी न चुकता, चालले, तर तिला मोकळीकपत्र मिळणार होतं. गेल्या वर्षी आप्पांनी जुने प्लग बदलूच दिले नव्हते.

या वर्षी तिनं नवे आणले.

"हे जुन्यांपेक्षा दोन नंबर थंड आहेत, आप्पा."

"थंड? छत्तीस वर्षं शाळा चालवली मी. मला थंड प्लग?"

"हवा दाबून भरली की आत उष्णता वाढते. गरम प्लगचं टोक लाल होतं, ठिणगीच्या आधीच भडका उडतो. पिस्टनला भोक पडेल."

"पडू दे की. पिस्टन कुणाचा आहे?"

"तुमचा."

"मग!"

तीन दिवस हुज्जत घालून प्लग बसले. प्रश्न राहिला गॅपचा. दाबलेल्या हवेतून उडी मारायला ठिणगीला जड जातं, म्हणून प्लगच्या टोकाशी फट कमी ठेवायची. कस्तुरीनं फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावून चारही प्लगांना शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर ठेवली. आप्पांना हा भेकडपणा वाटला. मोठी गॅप, मोठी ठिणगी, असं त्यांच्या सकाळच्या फिरायच्या गटाचं मत होतं. गटातले सगळे आपापली लग्नपत्रिका चार पदरी दुमडून तेवढ्या जाडीची गॅप ठेवायचे. सगळेच चढाला फाटफाट करत थांबायचे. त्याला ते वयोमान म्हणायचे.

तपासणीच्या दिवशी सकाळी तिनं गॅप पुन्हा मोजली. पॉइंट सहा. मग ती कागद आणायला आत गेली.

अकरा वाजता तपासनीस बिरनाळे आले. तेही एकोणसाठचे, शर्टाखालून बारीक शिटी वाजत होती. दोघांनी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारली, तेवढ्यात भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्याकडे ओढलं गेलं.

"चला आप्पासाहेब. पूर्ण दाब."

आप्पांनी छाती फुगवली. अर्ध्या दाबापर्यंत आवाज गुळगुळीत होता. मग तिसरं सिलिंडर फट्‌ फट्‌ करू लागलं आणि आप्पांच्या नाकातून काळा धूर आला.

"मिस," म्हणत बिरनाळ्यांनी लिहून घेतलं.

कस्तुरीनं तिसरा प्लग काढला. तीन सिलिंडरवरही आप्पा बोलू शकतात. गेज फटीत सैल हलला. एक मिलिमीटर.

"मी सकाळी पॉइंट सहा ठेवली होती. ह्यांनी वाढवली. पत्रिका खिशातच आहे बघा, तेल लागलंय तिला."

"स्वतःची लग्नपत्रिका खिशात असणं गैर नाही," बिरनाळे म्हणाले. "आप्पासाहेब, तुम्ही गॅप वाढवली?"

"वाढवली नाही. योग्य केली."

"'योग्य केली.' नोंद घेतो."

"अहो, पण मिस त्यामुळंच मारलं ना!"

"हे तुमचं म्हणणं. वडीलधाऱ्यांचं म्हणणं पुरावा असतो, लहानांचं म्हणणं तक्रार. तक्रारीला वेगळा अर्ज असतो."

"आई, तू बघितलंस की! सांग ना!"

आई खिडकीशी उभी होती. तिनं तोंड उघडलं. नेमके तेव्हाच बिरनाळ्यांच्या कुठल्याशा आठवणीवर दोघे पुरुष खदखदून हसले आणि खोलीत हवा उरली नाही. आईचे ओठ 'बघितलं' असे हलले.

"ऐकू न येणारी साक्ष नोंदवता येत नाही," बिरनाळे म्हणाले. "तिसऱ्या कलमानुसार मिसची जबाबदारी प्लग सांभाळणाऱ्याची. पुढची तपासणी पुढच्या वर्षी. इथं सही करा."

"माझी जागा या जूनलाच जाईल."

"जागा कॉलेजच्या अखत्यारीत येते."

"काय करायचंय शिकून?" आप्पा म्हणाले. "आम्ही शिकवलेली पोरं बघतेयस ना, सगळी घरीच बसलीयेत." ते खरं होतं. ती सगळी आपापल्या घरी प्लग सांभाळत होती.

कस्तुरीनं सही केली. तिसऱ्या प्लगची गॅप पुन्हा पॉइंट सहावर आणली, प्लग घातला. मग उरलेले तीन तपासले, एकेक करून. आप्पा वर छताकडे बघत बोलत राहिले.

बिरनाळे उठले नाहीत. त्यांनी फाईल बंद केली, खुर्ची आप्पांच्या खुर्चीला लावली आणि शर्टाची वरची तीन बटणं सोडली.

"हात काळे झालेच आहेत, तर माझे पण बघ जरा, पोरी. आमच्या घरात आता तरुण कुणी उरलं नाही."

कस्तुरीनं पाना उचलला.

"किती ठेवू, काका?"

"तूच ठरव," बिरनाळे म्हणाले. "जबाबदारी तुझीच आहे."